आठ बैलांचं अंतर

आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींत हात टेकले. माझी पुरणपोळी हमखास फुटते, स्वेटर विणायला घेतला की एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब होते, आणि चार माणसांसमोर बोलायला उभी राहिले की पहिलंच वाक्य विसरते. पण एका बाबतीत माझी मान ताठ आहे. इतकी वर्षं गाडी चालवली, पण पुढच्या कुठल्या गाडीच्या पाठीत मी शिरले नाही आणि मागचा कोणी माझ्या पाठीत शिरला नाही. हसू नका. संध्याकाळी सहाच्या सुमाराला द्वारका चौकात एकदा गाडी घालून बघा आणि मग बोला. परवा नातवाने नवी गाडी घेतली. पुढच्या गाडीच्या फार जवळ गेलं की ती टुंई टुंई करते. नाशिकरोडपासून पंचवटीपर्यंत तिचं टुंई टुंई काही थांबेना. मी म्हटलं, "अरे, ती बिचारी केव्हाची ओरडतेय, ऐक की तिचं." तर म्हणतो कसा, "आजी, तिला सवयच आहे तशी. मी तो आवाज बंद करून टाकणार आहे." घ्या! आमच्या वेळी हे काम गाडी करत नसे, माझी आई करायची. तिचा आवाज बंद करायची कोणाची टाप नव्हती.

आमचं घर पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, आग्रा रोडपासून थोडं आत, मळ्यात. चार खोल्या, पुढे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये आमचा टेम्पो. टेम्पो दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, इतका लाडका की त्याच्यावर ऊन पडलं तर ते गोणपाट टाकायचे. आई म्हणायची, "त्याला घरात घ्या, मी झोपते शेडात." द्राक्षांचा माल निघायला लागला की आमच्या घराचं वेळापत्रक कोलमडायचं. उजाडताच बायका द्राक्षाच्या मांडवात शिरायच्या, कारण ऊन चढलं की द्राक्ष रुसतं, असं दादांचं म्हणणं. मग कात्र्यांची कचकच, मध्येच कोणाचं तरी खुदकन हसणं, फांदीला अडकवलेल्या रेडिओवर शेतीचा कार्यक्रम, आणि स्वयंपाकघरातून आईच्या भाकरी थापण्याचा थप थप आवाज. तो आवाज थांबला की समजायचं, आई आता बाहेर येऊन कोणाला तरी बोलणार. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पातीच्या कांद्याची भाजी, हे सगळं ती फडक्यात बांधून टेम्पोत ठेवायची, पण गाडी चालवणाऱ्याला निघण्याआधी अर्धीच भाकरी मिळायची. "पोट भरलं की डोळा लागतो. माल उतरव, मग ये खायला," हा तिचा कायदा. त्या अर्ध्या भाकरीची चव मला अजून आठवते, कारण दुसरी अर्धी समोर दिसत असायची.

आता द्राक्षाचा स्वभाव सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कांद्याचं पोतं टेम्पोतून आदळत नेलं तरी कांदा तक्रार करत नाही. द्राक्षाचं तसं नाही. क्रेटमध्ये कागद घालून घड अलगद ठेवलेले असतात. ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला की सगळे घड पुढे जातात, परत मागे येतात, आणि देठाजवळ सैल झालेले मणी गळून क्रेटच्या तळाशी जमतात. म्हणून दादा म्हणायचे, द्राक्षाच्या ड्रायव्हरची परीक्षा रस्त्यावर होत नाही, क्रेटच्या तळाशी होते. ब्रेक दाबायचाच नसेल तर पुढच्या गाडीपासून लांब राहायला हवं, इतकं साधं हे गणित. पण ते पाळायला माणसाच्या अंगात जी सबुरी लागते ती आग्रा रोडवर तेव्हाही मिळत नव्हती आणि आता तर बोलायलाच नको.

त्या वर्षी ऐन हंगामात टेम्पोवर क्रेट रचून दादा दोरी आवळत होते. दोरी नाही सुटली, दादाच सुटले. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. भाड्याचा ड्रायव्हर आणला, तर तो पुढच्या गाडीला हुंगत चालवणारा. पहिल्या दिवशी त्याने एका एसटीच्या मागे असा काही ब्रेक मारला की आडगावच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्षं तपासून भरतात तिथे, क्रेट उघडल्यावर आतून रस निघाला. दुसऱ्या दिवशी एका जीपच्या पाठीत जाऊन त्याने आमचा पुढचा दिवा फोडला. दादा डाव्या हाताने कपाळ बडवत घरी आले. मला गाडी येत होती. हट्ट करकरून शिकले होते, लायसन्सही काढलं होतं, पण दादा मला मळ्यापासून हमरस्त्यापर्यंतच चालवू द्यायचे आणि डांबर दिसलं की "उतर" म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "शैले, उद्यापासून तू बस. मी शेजारी हाय." आईने लगेच पदर खोचला. "मग मी पण येणार. तुम्ही एका हाताचे, ती एका डोक्याची." अशा रीतीने आमची त्रिमूर्ती निघाली. मी गाडीवर, मध्ये आई, खिडकीशी दादा.

पहिल्या दिवशी हमरस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "दादा, पुढच्यापासून लांब म्हणजे किती लांब?" दादा विचारात पडले. त्यांच्या अंगात ते मुरलेलं होतं, त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. मग त्यांचे डोळे चमकले. "शैलेची आई, तू लग्नात उखाणा घेतला होतास, तो म्हण बरं." आई म्हणाली, "अगं बाई, आता? पोरीसमोर?" पण दादा हट्टाला पेटले होते. पुढचा ट्रक एका बाभळीपाशी पोचला तसे ते म्हणाले, "हं, आता!" आणि आईने पदर तोंडाशी धरून उखाणा म्हटला:

"माहेरच्या मोटेला बैल जुंपले आठ,
काशिनाथरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

"वाट" म्हणेपर्यंत आमचा टेम्पो बाभळीच्या जरा पुढे निघून गेला होता. दादा म्हणाले, "कमी हाय अंतर. अजून मागं हो." मी मागे झाले. पुढच्या झाडाला पुन्हा उखाणा. या वेळी "वाट" आणि झाड बरोबर एकत्र आले. "हां! आता बरोबर. एवढं अंतर कायम पाहिजे. गाडी रिकामी असली तर नावापर्यंत चालेल. भरलेली असली तर वाटेपर्यंत. धुकं असलं तर दोन वेळा म्हणायचं." असा आमच्या घरात गाड्यांमधल्या अंतराचा नियम ठरला, आणि मी तो आजही पाळते. (आईच्या माहेरी मोटेला बैल दोनच होते, हे आजोबांनी मला सांगितलं होतं. आठ केले ते यमक जुळवायला.)

यातली गंमत मला तेव्हा कळली नव्हती. आई दादांचं नाव कधीच घ्यायची नाही. "अहो" नाही तर "ऐकलं का". रेशनकार्डावर नाव सांगायची वेळ आली तर ती मला पुढे ढकलायची. आणि आता तीच बाई पिंपळगावपासून आडगावपर्यंत प्रत्येक ट्रकमागे, प्रत्येक टँकरमागे "काशिनाथरावांचं नाव घेते" म्हणत होती. पहिले दोन दिवस लाजली, तिसऱ्या दिवसापासून भाजी निवडत निवडत म्हणायला लागली. दादा खिडकीबाहेर बघत मिशीत हसायचे. अंतर बरोबर असलं तरी म्हणायचे, "एकदा खात्री करून घे गं." आता मला पक्कं वाटतं की त्या मोजमापात निम्मा भाग वाहतुकीचा होता आणि निम्मा दादांच्या हौसेचा. पण विचारायला आता दोघंही नाहीत.

आई एखाद्या दिवशी मांडवात अडकली की उखाणा मलाच म्हणावा लागायचा. माझी पंचाईत झाली. कुमारिकेने कोणाचं नाव घ्यायचं? मी नावाच्या जागी गप्प राहिले तर दादा ओरडले, "जागा रिकामी ठेवू नको! तेवढ्या जागेत अख्खा ट्रक घुसतो!" म्हणून मी "अमुकरावांचं नाव घेते" म्हणायला लागले. तोंडाने म्हणायची अमुकराव. मनात मात्र त्या जागी एक नाव कधीच येऊन बसलं होतं.

तो पॅकहाऊसच्या दारात उभा असायचा. नाव अरुण. आलेला माल तपासून आत घ्यायचा की नाही हे ठरवायचं त्याचं काम. किडकिडीत, कानामागे पेन्सिल, आणि बोलणं इतकं मोजकं की जणू शब्दाला पैसे पडतात. रोज तो आमच्या टेम्पोतला मागच्या कोपऱ्यातला खालचा क्रेट काढायचा, घड उचलून बाजूला ठेवायचा आणि कागदावर पडलेले मणी बघायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, "आज तीनदा जोरात ब्रेक मारलात." मी चाट पडले. खरंच तीनदा मारला होता. दुसऱ्या दिवशी, "दोनदा. एक ओझरजवळ असणार, तिथे सायकली आडव्या येतात." आठवड्याने त्याने कागद माझ्यासमोर धरला. एकही मणी नव्हता. "आज एकदाही नाही," तो म्हणाला आणि हसला. मी परत येताना उखाणा म्हणायला विसरले. पुढे रोज मी त्या कोऱ्या कागदासाठी गाडी चालवायला लागले, हे कबूल करायला आता काय लाजायचं? लोक चिठ्ठ्या लिहितात, आमचं सगळं कागदावर काही न पडण्यावर चाललं होतं. पण तो "आज नाही" आणि "आज एकदा" यापलीकडे गेला नाही, आणि मीही "बरं" यापलीकडे गेले नाही.

तिकडे माझ्या लग्नाचं जोरात चाललं होतं. दादांची थोरली बहीण, आमची आत्या, तिने पंचवटीतलं एक स्थळ आणलं होतं. पाइपांचं मोठं दुकान, दोन भाऊ, माणसं चांगली. मुलाच्या आईची एकच अट होती, मुलीने ते टेम्पो चालवणं सोडायचं. "नाशिकच्या रस्त्यावर आमची सून स्टिअरिंग फिरवताना दिसली तर गिऱ्हाईक काय म्हणेल?" दादांचं मन त्या स्थळाकडे झुकलं होतं. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि मीही काही बोलत नव्हते. बघा ना माझी अक्कल! हूल देणाऱ्या ट्रकवाल्याला मी खिडकीतून मान बाहेर काढून दोन शब्द सुनावायची, पण दादांना "मला ते नको, मला हा हवा" एवढं म्हणायला तोंड उघडेना. आत्याने दिवस ठरवला. ती आमच्याकडे येणार, आमच्याबरोबर टेम्पोतून निघणार, माल उतरला की तिघं पंचवटीला जाणार आणि दादा शब्द देणार. म्हणजे त्या दिवशी दुपारपर्यंत माझा निकाल लागणार होता.

आत्या म्हणजे भारदस्त बाई. आईच्या लग्नात दार अडवून तो उखाणा तिनेच वदवून घेतला होता. ती मध्ये बसली, त्यामुळे आई घरी राहिली. आत्याने मांडीवर साखरेच्या पुड्याची पिशवी धरली होती, शब्द दिल्यावर तोंड गोड करायला. हमरस्त्याला लागलो आणि आत्याची वटवट सुरू झाली.

"अगं, एवढं अंतर कशाला सोडतीस? तो बघ, घुसला जीपवाला."

"घुसू दे, आत्या. मी मागे होते."

"हा बघ दुसरा! अशी मागं मागं होत राहिलीस तर आपण परत घरी पोचू!"

दादा हसले. "अक्का, जागा भरली की पुन्हा मागं व्हायचं. दिवसभरात दहा गाड्या घुसल्या तरी पोचायला चहा प्यायला लागतो तेवढाच उशीर होतो." हे वाक्य मी आजही गाडीत बसलेल्या प्रत्येकाला सांगते आणि आजही कोणी ऐकत नाही.

मी उखाणा पुटपुटत चालले होते. आत्याला त्याचं भारी नवल. "हे काय येड लागलं पोरीला? लग्नाआधीच?" दादांनी समजावून सांगितलं तर म्हणाली, "बरंय, सराव होतोय. पंचवटीवाल्याचं नाव काय, ते घाल त्यात." मी दात आवळले आणि म्हटलं, "अमुकरावांचं नाव घेते."

ओझर मागे पडलं. आमच्या पुढे लोखंडी सळयांनी भरलेला ट्रक होता. सळया मागे हातभर बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं. आमच्या मागे भुश्याचा ट्रक, त्याचा भुसा पोटासारखा दोन्ही बाजूंनी सुटलेला. तो मला आरशात आवडत नव्हता, फार जवळ होता. मी दोनदा कडेला होऊन त्याला पुढे जाऊ द्यायला बघितलं, पण समोरून गाड्या येत होत्या, तो जाईना. मग मी पुढे आणखी जागा सोडली. मागचा जवळ असला की पुढे दुप्पट लांब राहायचं, म्हणजे आपल्याला हळू थांबता येतं आणि त्यालाही वेळ मिळतो, हेही दादांचंच. सळयांचा ट्रक एका मोरीच्या पांढऱ्या कठड्यापाशी पोचला आणि मी सुरुवात केली, "माहेरच्या मोटेला..."

आणि डोक्यावरून विमान गेलं.

ओझरला विमानांचा कारखाना असल्याने आम्हाला विमानांची सवय हवी होती. कसली सवय! विमान आलं की आमच्या भागात नांगर धरलेला माणूस वर बघतो, न्हावी वस्तरा थांबवून वर बघतो. आणि गाडीवाले? तेही बघतात. त्या पट्ट्यातल्या कित्येक गाड्यांचे दिवे असे वर बघण्यात फुटले असतील. दादांचा सक्त नियम होता, विमान त्याचं ते जाईल, आपण खाली बघायचं. पण त्या दिवशी विमान इतकं खालून गेलं की पत्रे थरथरले. दादांनीही वर बघितलं. आत्याने तर खिडकीकडे अंग टाकलं. मी बघितलं नाही. म्हणून मला एकटीला दिसलं की सळयांचा ट्रकवाला मान वर करून चालला आहे, त्याच्यापुढे एक सायकलवाला वर बघत बघत रस्त्याच्या मध्ये येतो आहे, आणि ट्रकवाल्याची मान खाली आली तेव्हा फार उशीर झाला आहे.

त्याने ब्रेक मारला. चाकांखालून धूर निघाला. लाल फडकं माझ्याकडे सरकत यायला लागलं. मी एकदम पाय रोवला नाही. दाबला, सोडला, दाबला, म्हणजे मागचा दिवा लुकलुकून भुश्यावाल्याला कळावं. मग हळूहळू पूर्ण दाबला. आणि हे सगळं होत असताना माझं तोंड चालूच होतं, कारण तोंडाला सवय झाली होती. पाय ब्रेकवर, डोळे त्या फडक्यावर, जीव मुठीत, आणि मी कानठळ्या बसतील अशा आवाजात ओरडले, "अरुणरावांचं नाव घेते!"

टेम्पो थांबला. फडक्यात आणि आमच्यात एक बैलगाडी राहील एवढी जागा उरली होती. आरशात भुश्याचा ट्रक मोठा मोठा होत येत होता. समोर जागा होती म्हणून मी क्लच सोडला आणि टेम्पो डावीकडच्या मुरमावर उतरवला. भुश्यावाला करकरत येऊन, आम्ही होतो बरोबर त्या जागी थांबला. त्याचा भुसा मात्र थांबला नाही. तो उडाला आणि खिडकीतून आमच्यावर पडला. आत्याच्या अंबाड्यात, दादांच्या मिशीत, साखरेच्या पिशवीत. त्या गडबडीत दादा ओरडले होते ते मला नंतर उमगलं. ते "देवा" म्हणाले नव्हते, "शैले" म्हणाले नव्हते. ते ओरडले होते, "इंदूऽऽ!"

इंदू म्हणजे माझी आई. जन्मात कधी त्यांनी तिला नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

सायकलवाला धडपडत उठून पळाला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. दादांनी पहिल्यांदा विचारलं, "शैले, लागलं का?" मी मान हलवली. आत्याने तोंडातला भुसा थुंकला, अंबाडा चाचपला आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"कोण गं हा अरुणराव?"

मी गाडी सुरू केली. दुसरं काय करणार? आत्या थांबेना. "काशिनाथ, तू ऐकलंस ना? पोरगी नाव घेऊन ओरडली! असं कुठं असतं का?" दादा मिशीतला भुसा एक एक काढत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "अक्का, तू मला ओरडताना ऐकलंस ना?" "ऐकलं की! बायकोच्या नावानं!" "मग? जीव जायची वेळ आली तर जे आत असतं तेच बाहेर येतं. मला आता जे इचारायचं ते त्या पोराला इचारू दे." पुढे पॅकहाऊसपर्यंत ते भुसाच काढत राहिले. माझं मात्र मनात चाललं होतं, मेले मी. आता हे त्याला सगळ्यांसमोर काहीबाही बोलणार, आणि त्या बिचाऱ्याला तर यातलं काहीच माहीत नाही. त्याच्या मनात काही नसलंच तर? मी एकटीच कोऱ्या कागदावर घर बांधत बसले होते की काय? लाजेने मला तिथल्या तिथे भुश्यात गाडून घ्यावंसं वाटलं.

पॅकहाऊसच्या दारात तो नेहमीसारखा उभा होता. मागचा क्रेट काढला, घड उचलला, कागद बघितला. पाच-सहा मणी. "एकदाच. पण मोठा," तो म्हणाला. मग त्याने टेम्पोवरचा भुसा बघितला, माझा चेहरा बघितला आणि हातातला घड तसाच राहिला. "काय झालं? तुम्हाला लागलं नाही ना?" त्याचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. तेवढ्यात आतून कोणीतरी हाक मारली, "अरुण, काटा मोकळा झाला रे!"

आत्याने कपाळावर हात मारला. दादा प्लास्टरचा हात पोटाशी धरून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"आमच्या पोरीनं आज तुमचं नाव घेतलं. भर रस्त्यात, उखाण्यात. आता तुमचं काय म्हणणं हाय?"

त्याचे कान लाल झाले. पेन्सिल कानामागून पडली. "मी... मी घरी येऊन बोलणारच होतो. या हंगामाचा माल संपला की."

"माल संपायची वाट कशाला?"

"आधी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, यांचा माल नात्यात पास होतो. त्यांच्या गाडी चालवण्याचा तसा अपमान झाला असता."

दादांनी माझ्याकडे बघितलं आणि मी जमिनीकडे. मग आत्या सरसावली. कुठले, कूळ कोणतं, आईचं माहेर कुठलं? दिंडोरीकडचा, शेतीवाल्यांचा, हे कळलं आणि तिसऱ्या प्रश्नात तिने त्याच्या मामीला आपल्या नणंदेची जाऊ करून टाकलं. "अरे, मग हा आपल्यातलाच!" असं म्हणून तिने त्याच्याकडे निराळ्या नजरेने बघायला सुरुवात केली. दादांना मात्र अजून एक विचारायचं होतं.

"गाडी येती का तुम्हाला?"

"नाही. सायकल येते."

"मग पुढं गाडी कोण चालवणार?"

तो थोडा गोंधळला, याचं उत्तर वेगळं काही असू शकतं हे जणू त्याला कळलंच नव्हतं. "म्हणजे... याच चालवतील ना. मी शेजारी बसेन."

दादा मिशीत हसले. मग आत्याकडे वळले. "अक्का, पंचवटीवाल्यांना निरोप धाड. म्हणावं, पोरगी गाडी सोडत नाय." आत्या म्हणाली, "आणि ही साखर?" "ती उघड इथंच." तिने भुश्यासकट साखर त्याच्या हातावर ठेवली आणि त्याने ती तशीच खाल्ली. (आत्याने संध्याकाळी घरी सगळं सांगितलं तेव्हा आईने माझ्या लग्नाचं अर्धंच ऐकलं. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "हे खरंच माझं नाव घेऊन ओरडले? मोठ्यानं?")

माल उतरला, टेम्पो रिकामा झाला. मी गाडीवर चढले. आत्या मध्ये, दादा खिडकीशी. अरुण दारात उभा होता आणि माझ्याकडे बघत होता, आणि आता बघितलं तरी चालणार होतं. मला इतका आनंद झाला होता की छातीत मावेना. मी रिव्हर्स टाकला, गाडी मागे घेतली आणि पॅकहाऊसच्या फाटकाचा खांब आमच्या मागच्या दिव्यात घुसला. खळ्ळकन काच फुटली. खांबाला कोणी गाडी म्हणत नाही, म्हणून मी तो हिशेबात धरत नाही. अरुण धावत आला, काचेचे तुकडे ओंजळीत गोळा करून तसाच उभा राहिला. आत्या ओरडायला लागली. मी पुढे जायला गिअर शोधत होते पण गिअर मला दिसत नव्हता, आरसा दिसत नव्हता, काहीच दिसत नव्हतं. तेव्हा दादांनी डावा हात लांब करून माझ्या हातावर ठेवला.

"शैले, आधी डोळे पूस," ते म्हणाले. "घाई नाय. तो कुठं पळून जात नाय."